आबा आणि माझी चार तारांची गिटार

ऑर्केस्ट्रात बेस गिटारवाल्याकडे किस्से जरा जास्तच साठतात. त्याच्याकडे कोणी बघत नाही आणि तो सगळ्यांकडे बघत असतो. नव्वदच्या आसपास मी जळगावात हेच काम करायचो, आणि दर दोन कार्यक्रमांमागे एकदा तरी अवाक व्हायचो.

जामनेरला एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी माझी गिटार निरखली. "त्या पोराच्या गिटारला सहा तारा. तुझ्या दोन तुटल्या वाटतं?"

म्हटलं, "काका, हिला चारच असतात."

काका तडक निघून गेले. थोड्या वेळाने आले ते सायकलच्या ब्रेकच्या दोन वायरी घेऊन! "घे, बसव. आमच्याकडच्या लग्नात काही कमी नको." मी वायरी हातात घेऊन नुसता उभा.

जळगावातच एका कॅसेटसाठी दिवसभर वाजवलं. कॅसेट आली, लावली, तर बेस गायब. तसाच रेकॉर्डिंगवाल्याकडे गेलो.

तो म्हणाला, "तुझ्या आवाजाने लोकांचे टेप थरथरतात रे. काढून टाकला. पण कव्हरवर फोटो ठेवलाय तुझा, चांगला मोठा."

ही बातमी आबांपर्यंत पोचली. आबा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म डाळमिलच्या मशीनजवळ गेला, त्यात कान जवळजवळ गेले. बोलायचं तर कानाशी ओरडून.

"लोके म्हणतस, तू काहीच वाजाडत नही," आबा म्हणाले. "दिवाळीनंतर मिलमा ये."

मला त्या मशीनजवळ उभं राहायचं नव्हतं.

त्यात धुळ्याला भर कार्यक्रमात लाइट गेली. ढोलकी तेवढी चालू राहिली, आणि मीही सवयीने बोटं चालवत राहिलो. आवाज शून्य. लाइट आल्यावर शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी शाल-नारळ दिला कोणाला? मला. माइकवर म्हणाले, "लाइट गेली, तरी यांच्या वाजवण्यात काहीच फरक पडला नाही!"

मग जळगावच्या गणपतीत आबा स्वतःच आले. "एकदाव देखसू, मंग ठरावसू."

खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून ते स्टेजच्या कडेला एका मोठ्या खोक्यावर जाऊन बसले. तो माझा स्पीकर. मी हबकलो, पण गाणं सुरू झालं होतं. दोन्ही तळहात खोक्यावर टेकून आबा शेवटपर्यंत तिथेच बसून राहिले.

कार्यक्रम संपल्यावर जीव मुठीत धरून त्यांच्यासमोर गेलो. आबा माझ्याकडे बघतच नव्हते. गायकांकडे, ढोलकीवाल्याकडे रागाने बघत होते.

"त्या बठ्ठा नुसता तोंड हालावतस, हात हालावतस," ते म्हणाले. "वाजाडस तू एकलाच."