सारजाबाई आणि बाराटांगचा रस्ता

सारजाबाईंना मी खरं तर फार थोडं ओळखत होतो. त्या इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या, मी डाळजचा. अंदमानच्या सहलीत आठवडाभर त्यांच्या मागच्या सीटवर बसलो आणि पुढं एकदा स्टँडवर भेटलो, एवढंच. या चैत्रात त्या गेल्या. तेराव्याला लोक त्यांच्या भांडणांच्या गोष्टी सांगत होते, तेव्हा वाटलं, मी पाहिलेलं तेवढं लिहून ठेवावं. मला लिहायची सवय नाही. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ऐकलेलं बरंच होतं. बारामतीच्या मंडईत एका अडत्यानं त्यांची वांगी पायानं लोटली, तर त्यांनी तीच पाटी त्याच्या डोक्यात घातली म्हणे. नवरा पिऊन मारायचा. एकदा त्यांनी मुसळ उचललं, त्यानंतर त्याचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही म्हणतात. खरं-खोटं विचारायची माझी छाती झाली नाही.

सून रोहिणीला समुद्र बघायचा होता, म्हणून त्या सहलीला आल्या होत्या. मुलगा लखन शेताच्या पाण्याच्या पाळीसाठी घरी राहिला होता. सहल नेणारा युवराज बारामतीचा. पहिल्या संध्याकाळी त्यानं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "इथली हवा दमट आहे. घाम वाळत नाही, अंगातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही. तहान लागायची वाट बघू नका. कापून ठेवलेली फळं खाऊ नका. डास चावू देऊ नका."

"युवराजा, मला डास चावला तर त्योच मरंल," सारजाबाई म्हणाल्या. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाराटांग बेटाकडं निघालो. तो रस्ता राखीव जंगलातून जातो. गाड्या पोलिसांसोबत रांगेनं सोडतात; मधे थांबायचं नाही, खाली उतरायचं नाही. हे ऐकल्यावर बायांनी पाण्याच्या बाटल्या गुपचूप पिशवीत सारल्या. आमच्याकडच्या बाया लांबच्या प्रवासात असंच करतात. आडोसा मिळेल न मिळेल, त्यापेक्षा प्यायचंच नाही.

"घोटभर बी पिऊ नगंस. ह्या रानात कुठं बसशील?" सारजाबाई सुनेला म्हणाल्या.

तिथून होडीतून चुनखडीची गुहा बघायला गेलो. चिखलातून, मुळांवरून बरंच चालणं झालं. वरून ऊन. रोहिणीनं एकदा पाणी मागितलं. "मुक्कामाला गेल्यावर पी," सासू म्हणाली.

परतताना जंगलात गाडीचा एसी बंद पडला. काचा उघडत नव्हत्या. थोड्या वेळानं रोहिणी बरळायला लागली, "मोटार बंद करा, पानी वाया चाललंय." मग उलटी केली आणि सीटांच्या मधल्या वाटेत कोसळली. हातपाय झटके द्यायला लागले. अंग तव्यासारखं तापलेलं.

सारजाबाई ड्रायव्हरकडं धावल्या. "गाडी थांबव!"

"रुकना मना है, अम्मा. पीछे पुलिस है."

"पोलिसाला बी हानते. थांबव म्हनते न्हवं!" त्यांनी मागून त्याची कॉलर धरून ओढली. गाडी रस्ता सोडून कडेला गेली, फांद्या पत्र्यावर घासल्या, बाया किंचाळल्या. युवराजनं त्यांना मागून मिठी मारून ओढलं. त्यांनी वळून हातातला स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. नाकातून रक्ताची धार लागली. तरी तो ओरडत होता, "मावशी, गाडी उलटली तर सगळेच मरू! तिच्या अंगावर पाणी ओता!"

त्यांनी तोच डबा काचेवर मारला. पुन्हा मारला. काच फुटली, हवा आत आली. त्यांचा हात कोपरापर्यंत चिरला होता, पण त्याच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्या बायांच्या पिशव्या ओढायला लागल्या. सगळ्यांच्या बाटल्या भरलेल्या. पलीकडच्या सीटवरच्या भागूबाईंनी आपली बाटली छातीशी धरली, तर सारजाबाईंनी त्यांना केसाला धरून खाली पाडलं आणि बाटली घेतली. पाणी सुनेच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतलं. त्यात त्यांचं रक्त मिसळत होतं. मी टॉवेलनं वारा घालत होतो.

त्या बाटली रोहिणीच्या तोंडाला लावायला लागल्या, तेव्हा युवराजनं हात पकडला. "तोंडात नको! शुद्धीवर नाही ती, पाणी छातीत जाईल."

त्यांनी पुन्हा हात उगारला. आम्हाला वाटलं, आता हा पोरगा मेला. पण तो हात त्यांनी स्वतःच्याच तोंडावर मारला. "म्याच म्हनलं पिऊ नगं. म्याच म्हनलं." मारत राहिल्या. ओठ फुटला तरी मारत राहिल्या. कोणी अडवलं नाही. माझाही हात पुढं झाला नाही.

जंगल संपल्यावर चौकीपाशी दुसरी गाडी मिळाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेवटची लघवी कधी झाली? युवराजनं खाली बघत ते मराठीत सांगितलं.

"काल रातच्याला," सारजाबाई म्हणाल्या. "आमा दोघींची बी."

मूत्रपिंडाला मार बसलाय, लघवी होते का याची वाट बघावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन लागलं. सारजाबाई हाताला टाके घेऊन खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. आमची समुद्र बघायची इच्छा संपली होती. मग एका सकाळी त्या हॉटेलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आबा, झाली तिला. चांगली झाली." सगळ्यांना कळलं. भागूबाई तर रडायलाच लागल्या.

युवराजचं नाक सुजून भज्यासारखं झालं होतं. सारजाबाईंनी ते निरखून बघितलं.

"दुकतंय का रं?"

"न्हाय, मावशी."

"खोटं बोलतुयास. दुकू दे जरा."

माफी म्हणून काही मागितली नाही. एवढंच बोलल्या.

पुढच्या वर्षी इंदापूरच्या स्टँडवर त्या दिसल्या. रोहिणी बरोबर होती, अंगानं भरलेली. दोघी सोलापूरला लग्नाला निघाल्या होत्या. गाडी लागलेली, दोघी आत चढलेल्या, कंडक्टर घाई करत होता. सारजाबाईंनी सुनेच्या हातात बाटली दिली आणि ती रिकामी होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. नंतर तिचा दंड धरून खाली उतरल्या. मी दारापाशीच होतो.

"आबा, आमी जाऊन येतो," स्वच्छतागृहाकडं मान करून त्या म्हणाल्या. "त्या कंडक्टरला सांगा, आमी आल्याबिगर घंटी वाजवायची न्हाय."

"बरं, सांगतो," मी म्हणालो.