गाईडातलं माझं मत

'तुमचे मत लिहा' असा प्रश्न शेवटी असायचा, आणि गाईडात त्याचंही उत्तर छापलेलं होतं. 'माझ्या मते' असं सुरू व्हायचं. मी तेही पाठ केलं. पोरगी मांडीवर, स्टोव्हवर भात, आणि मी आपली घोकतेय, माझ्या मते, माझ्या मते.

दहावी झाली न झाली तोच लग्न, आणि धुळ्याकडून थेट सिल्वासाजवळ, सामरवरणी गावातल्या चाळीत. नवरा शेजारच्या सायली गावात धाग्याच्या कंपनीत. बारावीला बाहेरून बसायचं ठरवलं तेव्हा पोरगी सात महिन्यांची. तत्त्वज्ञान घेतलं कारण त्याला प्रयोग नसतात, एवढंच. सिल्वासात सरकारी क्वार्टरमध्ये शाळेतल्या एक बाई राहायच्या, कोकणातल्या, त्या फुकट शिकवायच्या. मला त्यांची भीती वाटायची. तशी मला सगळ्यांचीच वाटायची.

एकदा त्यांनी विचारलं, "माणूस आपल्या मर्जीनं वागतो, की सगळं आधीच ठरलेलं असतं?" मी धडाधड म्हणून दाखवलं.

"हे गाईडवाल्याचं मत झालं. तुझं काय?"

"तेच ना, बाई."

"दोघांना एकदमच सुचलं होय गं?"

मग पोळ्या लाटताना, कपडे आपटताना डोक्यात तेच, माझं काय, माझं काय. शोधलं तर सापडेचना. भाजी कुठली करायची तेसुद्धा मी नवऱ्याला विचारायचे.

परीक्षा जवळ आली आणि गावाहून सासू आली. म्हणाली, "पोरले मी गावले लई जास, तू तुन्हा अभ्यास कर." परीक्षा होईपर्यंत, दोन महिने, पोरगी गावी. नवरा म्हणाला, "बरंच झालं, रातपाळी करून आल्यावर मलापण झोप भेटंल." मी हो म्हटलं. हो म्हणायची सवयच होती. पण पोरगी अंगावर प्यायला लागली की तिला सोडवेचना. बाई तरी नको म्हणतील म्हणून धावत त्यांच्याकडे गेले.

"अगं पाठव की!" बाई म्हणाल्या. "अशी संधी कोणाला मिळते? ह्यात विचार कसला करायचाय?"

विचार कसला! आणि हे बाई म्हणतायत! मी दारातच उभी, अजून धाप लागलेली.

"नाही पाठवणार," मी म्हटलं.

"का?"

"ती अजून अंगावर पिते. दोन महिन्यांनी मला ओळखायची नाही. परीक्षा काय, ऑक्टोबरला परत येते."

"ऑक्टोबरला दुसरं कारण काढशील."

"काढीनही कदाचित. तरी नाही पाठवणार."

बाई म्हणाल्या, "बरं. पण हे घरी सांग. मला सांगून काय होणार?"

रस्त्यावर ट्रकांची धूळ, आणि मी चालता चालता सासूपुढे बोलायचं वाक्य पाठ करतेय. पाठच होईना. दर वेळी वेगळंच तोंडात यायचं.

घरी सासू पोरीची झबली पिशवीत भरत होती. मी पिशवी ओढून घेतली. "आई, पोरगी इथंच राहील."

झोपलेला नवरा उठून बसला. "बाईनं शिकवलं वाटतं हे?"

"बाई तर पाठव म्हणाल्या."

"मग कोणी सांगितलं तुला?"

पोरगी रडायला लागली होती. मी तिला उचलून घेतलं. "कोणीच नाही," मी म्हटलं, आणि ते ऐकून सगळ्यात जास्त मीच घाबरले.