कंपनीचा स्टिकर आणि माझी नखं

दुकानात माल येतो आणि विकला जातो. किस्से मात्र येतात आणि मुक्कामच ठोकतात! वर्ध्याला आमचं लोखंडी कपाटांचं आणि लाकडी फर्निचरचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे फक्त स्टिकर काढले असं म्हटलं, तर फार खोटं होणार नाही. मैत्रिणी हसतात. हसू देत! त्या चिकट कामानं मला घराबाहेर आणलं, आणि ज्या दोन माणसांमुळे ते जमलं त्यांना हात जोडूनच मी सांगायला बसते.

* * *

नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक कपाटाच्या दारावर मधोमध कंपनीचा कागदी स्टिकर असायचा. आमच्या उन्हात त्याचा डिंक असा पक्का होई की कागद निघे, चिकटा राही. माझे सासरे, म्हणजे मामाजी, तो ब्लेडनं खरवडत. एकदा गिऱ्हाइकासमोर त्यांनी नव्याकोऱ्या दारावर वीतभर ओरखडा काढला आणि वर विचारलं, "निंगाला ना साफ?"

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण पिकल्याशिवाय ऑपरेशन नाही. माझा नवरा पुलगावला नोकरीला. रात्री जेवताना मामाजी म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून दुकानात येजो. अन् नखं कापू नको!"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "सून दुकानात? लोक काय म्हनतीन?"

"माह्या डोयाचं आपरेशन होईपर्यंत. मंग बसन घरी."

मी मान खाली घालून भात कालवत होते. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

* * *

पॉलिशचं काम करणारे गुलाबभाऊ बोरगाव मेघेहून सायकलनं येत. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवणी घेतली. "वहिनी, आंधी दाराच्या अंगावर काय हाये ते पाहा. लाखेच्या पॉलिशले स्पिरिट चालत नाई, रंगाले थिनर चालत नाई. गरम पान्याचा फडका, मंग नख, अन् उरला डिंक तं जवसाचं तेल. बस!"

तिसऱ्या दिवशी मी घाईघाईत थिनरच ओतलं. फडक्यावर आधी स्टिकर आला, मग हिरवा रंग आला, मग खालचं लोखंड दिसायला लागलं! मी रडकुंडीला आले.

गुलाबभाऊंनी दार पाहिलं, मला पाहिलं. "कायले रडून राह्यल्या? स्टिकर तं गेला ना!"

मामाजींना खरं कळलं असतं तर माझं दुकान त्याच दिवशी संपलं असतं. गुलाबभाऊंनी दुपारभर बसून दार नव्यानं रंगवलं आणि मामाजींना म्हणाले, "माह्या हातून थिनर सांडलं जी." वीस वर्षांत ज्यांच्या हातून थेंब सांडला नव्हता, त्या माणसानं माझ्यासाठी ते अंगावर घेतलं. हे उपकार मी विसरायची नाही.

* * *

त्यानंतर मात्र मी इतकी तरबेज झाले की तीच एक अडचण झाली! सेलूकडच्या एका शेतकऱ्यानं कपाट पसंत करून ठेवलं होतं. मी ते मन लावून चकाचक केलं. न्यायला बैलबंडी घेऊन आले, आणि कपाटाच्या दारासमोर उभेच राहिले.

"कंपनीचा कागद कुठी हाये?"

"काढला ना, भाऊ."

"म्हंजे वापरलेलं देऊन राह्यले का मले? गावात लोकायले कसं समजन, नवं हाये म्हनून?"

मामाजींनी शपथा घेतल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी दुसऱ्या कपाटाचा स्टिकर अख्खा सोलला आणि गुलाबभाऊंनी तो खळ लावून त्यांच्या कपाटावर बसवला. गडी खूश! बंडीत बसताना मलाच बजावून गेले, "पक्का लावला ना बाई? रस्त्यात पडला तं वापस येईन!"

* * *

एक मास्तर ड्रेसिंग टेबल पॉलिशला घेऊन आले. आरशाच्या चौकटीवर बायकोच्या टिकल्याच टिकल्या. "आधी ही नक्षी काढा!" मी नखानं एकेक टिकली सोडवली, खालचा चिकटा तेलानं पुसला. पण टिकल्या काही फेकवेनात. पुठ्ठ्यावर ओळीनं लावून ठेवल्या.

दुसऱ्याच दिवशी मास्तरीणबाई तणतणत आल्या. "माह्या टिकल्या कुठी हायेत?" पुठ्ठा पाहिला आणि निवल्या.

आठ दिवसांनी पुन्हा दारात. "मास्तर त्या पॉलिशले हात लावू देत नाईत. टिकल्या लावाले एखादं लहान कपाट दाखवा बरं!"

* * *

अधूनमधून मामाजी डोळे दाखवून येत. "अजून पिकला नाई म्हनते डॉक्टर." मी वरून हळहळायची आणि आतून सुटकेचा श्वास टाकायची. मग माझी मलाच लाज वाटायची. त्यांना दिसू लागलं की मी घरी, हे काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

* * *

आता तो गणपतीचा! आमच्या गल्लीत दोन भाऊ, दोघांत एकच कपाट. निवडणुकीत डाव्या दारावर थोरल्याच्या पक्षाचे स्टिकर, उजव्यावर धाकट्याच्या. निकालानंतर थोरला सांगून गेला, "उजवं साफ करून द्या." तासाभरात धाकटा आला, "डावं साफ करून द्या." मी दोन्ही साफ केली!

पुन्हा भांडण नको म्हणून त्यांच्या आईनं केळझरच्या देवळातून आणलेला गणपतीचा मोठा स्टिकर दोन्ही दारांच्या मधोमध चिकटवला. दुसऱ्या दिवशी म्हातारी धापा टाकत दुकानात. "कपाट कसं उघडू जी? मधातून कापाची कोनाचीच हिंमत नाई!"

आम्ही दोघं गेलो. गुलाबभाऊंनी आधी चपला काढल्या. मी नमस्कार केला, गरम फडका धरला, आणि बऱ्याच वेळानं देव अख्खेच्या अख्खे हातात आले. म्हातारीनं सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई! दोघंही आंघोळ करून सकाळपासून टॉवेलवर बसून हायेत!"

* * *

शेवटी मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला. "आता मुंगीसुद्धा दिसेल," डॉक्टर म्हणाले.

मामाजी दुकानात आले त्या दिवशी सासूबाईही मुद्दाम सोबत आल्या. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. ठरलंच होतं तसं. सकाळी साफ केलेलं एक कपाट तेवढं त्यांना दाखवलं.

मामाजींनी चष्मा नीट केला, दाराला नाक लावून पाहिलं. "सूनबाई, यावर डिंक उरला हाये का?"

"नाही, मामाजी."

"मले तं काईच समजत नाई बाप्पा. धुकं धुकं दिसते." त्यांनी किल्ल्या माझ्याकडे सरकवल्या. "तूच पाह्यत जाजो."

"काऊन? डॉक्टर तं म्हने..." सासूबाई मध्ये पडल्या.

"डोये माहे हायेत का डॉक्टरचे?"

संध्याकाळी सासूबाई अंगणात गोधडी घेऊन बसल्या होत्या. दोरा काही सुईत जाईना. मामाजींनी हात पुढे केला. "आन इकडे." सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवून परत दिला.

सासूबाईंनी सुईकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गोधडीत एक टाका घातला आणि म्हणाल्या, "उद्या दुकानाचा डबा दोघायचा बांधू का?"