मागावरचा सरवा

गेल्या महिन्यात शहापूरला एका लग्नात जेवायला गेलो होतो. पंगतीत हातमागाच्या गोष्टी निघाल्या आणि यजमानांचा थोरला मुलगा म्हणाला, "आमच्या आत्याआजीनं केर काढताना अख्खा मागच झाडून टाकला होता म्हणे!" सगळे हसले. मीही हसलो. पण ती गोष्ट खोटी आहे, आणि खरं काय ते सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे.

मी मूळचा बेळगुंदीचा, शेतकऱ्याचा मुलगा. घरात मॅट्रिक झालेला पहिलाच. महायुद्ध चालू होतं त्या काळात बेळगावच्या कॉलेजात नाव घातलं आणि शहापुरात या मुलाच्या आजोबांच्या घरी राहायला गेलो. ते विणकर. त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची धाकटी बहीण, जिला मी आक्का म्हणायचो, माहेरी येऊन राहिली होती, कारण नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेले दोन माग होते. एकावर आप्पा विणत. दुसरा त्यांच्या वडिलांचा. ते गेल्यापासून बंद होता. त्याच्या शेजारी माझी पथारी आणि ट्रंक.

कॉलेजातलं मला काहीच उलगडत नव्हतं. शाळेत नाव पुकारत, इथं नंबर. गैरहजर राहिलं तरी कोणी चौकशीला येत नसे. मधला एक तास रिकामा असायचा. तो रिकामा असतो हेच ठाऊक नसल्यामुळे पहिले आठ दिवस मी ओस वर्गात पुस्तक उघडून बसून राहिलो. तास संपला की तिघी-चौघी मुली सरांच्या मागोमाग बाहेर जात. मला वाटे त्यांना शिक्षा झाली; मुलींची बसायची खोली वेगळी असते, हे फार उशिरा कळलं. इंग्रजी तर कानावरून वाहून जायचं. घरी आलो की आप्पा आणि आक्का माझ्याशी मराठीत बोलत, आणि मला कळू नये असं काही असलं की कन्नडात. एकूण, दिवसभरातलं निम्मं बोलणं मला न कळताच संपून जाई.

पण आक्काचं आणि आप्पांचं एक बोलणं मला पूर्ण कळलं, कारण ते मराठीत झालं. आक्काला वडिलांच्या मागावर बसायचं होतं.

"बायका कांड्यांवर सूत गुंडाळतात, सूत जोडतात. खड्ड्यात पाय सोडून बसत न्हाईत," आप्पा म्हणाले.

"कुणी सांगितलं? मागानं?"

"लोक हसतील की गं."

"आणि सवतीच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या तर हसणार न्हाईत व्हय?"

आप्पा मागावरून उठले. मग म्हणाले, "एका लग्नघरची साडी आलीया. ती तू विण. वेळेत उतरली तर माग तुझा. न्हाय तर सासरी जायचं. मग तक्रार न्हाय."

आक्का हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माग झाडला, पुसला, हळदकुंकू लावलं आणि विहिरीवर गेली.

त्याच दिवशी इंग्रजीच्या सरांना निबंध द्यायचा होता. सुटे कागद घेणार नाही असं ते म्हणाले होते. त्यांचं एवढंच एक वाक्य मला नीट कळलं होतं, म्हणून ते मी फारच मनावर घेतलं होतं. वही शिवायला दोरा नव्हता. मागाच्या फणीतून डाळिंबी सुतांचे झुबके लोंबत होते. कापड केव्हाच कापून नेलेलं, ही मागं राहिलेली टोकं. आमच्याकडे कापणी झाली की रानात उरलेली कणसं कुणीही वेचावीत. त्याला सरवा म्हणतात, आणि सरव्याला मालकाला विचारावं लागत नाही. मी एक झुबका ओढला. तो अलगद निघाला. मग वाटलं, आक्काला नवं सूत चढवायचंच आहे, माग मोकळा झाला तर तिचं काम वाचेल. सगळे झुबके ओढून काढले, थोडं सूत पिळून वही शिवली, उरलेलं ट्रंकेत टाकलं आणि कॉलेजला गेलो.

परत आलो तेव्हा आक्का मागापुढं बसली होती. रिकाम्या फणीवर तिचा हात होता. आप्पा शेजाऱ्याला सांगत होते, "जुन्या सुताच्या एकेका टोकाला नव्याचं एकेक टोक जोडायचं असतंय. जुनंच गेलं, आता फणीची हजारो घरं पहिल्यापासून भरायची. लग्नाआधी कसली उतरतीया साडी!" मग आक्काकडं वळले. "सकाळी मागाला हात कुणी लावला?"

"मी झाडला. पण सूत मी..."

"मग झालं तर."

पुढं कन्नडात सुरू झालं. माग म्हणजे मग्ग, एवढाच एक शब्द मला ओळखता येत होता आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. मधेच आप्पांनी विचारलं, "तुला काय दिसलं का रं?"

"मी कॉलेजात होतो," मी म्हणालो. जागा गेली तर कॉलेजही जाणार, एवढंच डोक्यात होतं. उद्या सांगू, असं त्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

साडी दुसऱ्याच्या मागावर गेली. आठ दिवसांनी आक्काला निपाणीच्या मोटारीत बसवायला आम्ही निघालो. सासर तिकडचं होतं. तिचं गाठोडं माझ्या हातात, आणि तपासून मिळालेली निबंधाची वही काखेत. ती मी का बरोबर घेतली होती, मला खरंच सांगता येत नाही. आप्पा ड्रायव्हरशी बोलत होते. आक्कानं वही ओढून घेतली, शिवणीचं डाळिंबी सूत अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळलं, सूत पारखताना चोळायची तसंच.

"लई घट्ट ओढलंस," ती म्हणाली. "कागद फाटंल रं."

वही माझ्या हातात देऊन ती मोटारीत चढली. आप्पा चार हातांवर उभे होते. ती त्यांना काहीच बोलली नाही. मी गाठोडं वर दिलं. पुन्हा ती मला दिसली नाही.

हे कागद मी पंगतीत ती गोष्ट सांगणाऱ्या, यजमानांच्या थोरल्या मुलाकडं पाठवणार आहे. तुझ्या आत्याआजीनं माग झाडला तो नीटच झाडला होता; सूत मी उपसलं. पुढच्या पंगतीत सांगायचं तर असं सांग. तिनं मोटारीपाशी भावाला का सांगितलं नाही असं कुणी विचारलं, तर मात्र त्याला माझ्याकडं पाठवू नकोस. ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.