बॅट टाकून पळायचं

आमच्या चाळीच्या पॅसेजमध्ये मुलग्यांशी भांडून मी बॅटिंग मिळवायची. त्यामुळे परळच्या आमच्या शाळेत पीटीच्या बाईंनी मुलींना बेसबॉल शिकवायला घेतला, तेव्हा मला वाटलं, हॅट, ह्यात काय मोठंसं! पण कसलं काय. चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं, हे माझ्या डोक्यात शिरेचना. मी बॅटसकट पळायची. "अगं, बॅट काय सासरी न्यायचीय?" बाई ओरडायच्या.

तेव्हा गिरणीचा संप वर्षावर गेला होता. बाबा दिवसभर गॅलरीत बसून. कुणी दुसरं काम सुचवलं की म्हणत, "गिरण उघडतली." दुसऱ्या शाळेशी सामना ठरला, तेव्हा मी त्यांना हट्टानं ओढून नेलं. त्यांच्यासमोर एकदा तरी पहिल्या बेसवर पोचायचं, बस्स, एवढंच माझ्या मनात होतं.

माझी पाळी अगदी शेवटी आली. दोघी आधीच आउट. पहिला चेंडू हुकला. "स्ट्राइक!" पंच ओरडले, तसे कडेला बसलेले बाबा दचकून इकडेतिकडे बघायला लागले. मला मेलं हसू आलं आणि दुसराही हुकला. मग तिसरा. तीन स्ट्राइक म्हणजे खेळ खलास. मी मान खाली घालून निघाले.

पण माझ्या मागे उभ्या मुलीच्या हातून तो चेंडू सुटला होता.

"धाव गो चेडवा, बाय काढ!" बाबा उभे राहून ओरडले. त्यांना क्रिकेटच ठाऊक. चेंडू सुटला की धाव चोरायची. आणि काय गंमत, बाईही ओरडल्या, "पळ, पळ! नियमात आहे!"

मी सुसाट सुटले. बेस हातभर राहिला आणि सवयीनं वाकून मी बॅट टेकवली, क्रीजमध्ये टेकवतात तशी. इथे पाय लागावा लागतो. पायाआधी चेंडू पोचला. आउट! मी तिथेच भोकाड पसरलं.

घरी येताना बाबांनी विचारलं, "म्हणजे तीन स्ट्राइक झाले तरी पळूक गावता?"

"चेंडू सुटला तर. पण हातातलं टाकून पळायचं असतं, बाबा. मीच मूर्ख."

लालबागच्या नाक्यावर गिरणीचं बंद फाटक दिसलं, तसे ते थांबले. मग म्हणाले, "हातातला असा टाकूक जमणा नाय गो."

मला वाटलं, माझीच समजूत काढतायत.