शेपटाविना जन्मलेली कालवड

परीक्षांचे दिवस होते. शहरात सात रस्ता चौकाजवळच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. दिवसभर पेपर तपासून डोळे चुरचुरत होते. संध्याकाळी गावी, कुंभारीला घरी पोचले, तर सगळे गोठ्यात. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, नुकत्याच जन्मलेल्या कालवडीला गोणपाटानं पुसत होत्या.

"बघ की गं, शेपूटच न्हाय हिला."

शेपटाच्या जागी नुसता केसांचा भोवरा होता. शेजारीण दारातूनच म्हणाली, "गाभण असताना गिराण पाळलं नसंल गाईचं." ग्रहणाचं नाव ऐकून सासऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

आक्कांनी मला विचारलं, "तू शिकलीस न्हवं? काय म्हणत्यात ह्याला?"

शब्द होता माझ्याकडे : ॲन्युरी. इतका क्वचित लागणारा, की वर्गातही कधी शिकवला नव्हता. चपला न काढताच सांगितलं, "ग्रीक शब्द आहे, आक्का. 'ऊरा' म्हणजे शेपूट. त्याच्या आधीचा 'अन' म्हणजे नसणं, आपल्या अनोळखीतल्यासारखा. बेडकांच्या गटाचं शास्त्रातलं नावही त्यावरूनच पडलं."

"म्हंजे शेपूट न्हाय."

"हो, तेवढंच."

"ते तर दिसतंयच की," आक्का म्हणाल्या. मला हसायलाही त्राण नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अशा वासरांची मागची वाटही कधीकधी बंद असते. शेण टाकते का बघा. मग बघत बसणं आलं. कालवड धडपडत उठली, आचळाला लागली, भरपूर प्याली, आणि तिचं पोट फुगेल या भीतीनं आम्हाला चहाही गोड लागेना.

सकाळी आक्कांच्या हाकेनं जाग आली. "टाकलं गं शेण!" शेणाचा एवढा आनंद मी आयुष्यात पाहिला नाही. सासऱ्यांनी शेजारणीला मुद्दाम खरवस पाठवला.

उन्हाळ्यात माशांनी मात्र छळ मांडला. कालवड मान मागे वळवायची, पाय झाडायची, अंगाची कातडी थरथरवायची. आक्कांनी जुनी चादर कापून तिला झूल शिवली, तीही ती गव्हाणीला घासून फाडायची. शेवटी माशा वारायला कडुलिंबाचा डहाळा आम्हालाच हातात घ्यावा लागला.

आता ती मोठी झाली आहे. रविवारी डहाळ्याची पाळी माझी. आठवडाभर उभं राहून शिकवलेलं असतं, दंड भरून येतो, पण मी थांबले की ती मागचं अंग माझ्याकडे सरकवते आणि वाट बघते.