कमानीवरची वहिनी

पेटलेल्या बल्बांच्या चक्रासमोर उभी राहिली, की वहिनी आधी डोळे बारीक करायची. इतके, की पापण्यांमधून नुसता उजेड झिरपावा. मग बोट उचलून म्हणायची, "तिसऱ्या आऱ्यातला, टोकाचा. मरून राह्यला तो." आपल्याला सगळे बल्ब सारखेच दिसत. ती तो काढून दुसरा लावायची, आणि तेव्हा कुठे कळायचं की मघाशी तिथे काहीतरी उणं होतं.

सत्तरच्या दशकातलं आमचं मालेगाव, मानोऱ्याकडचं लहानसं गाव. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. शेजारी वहिनीच्या नवऱ्याचं लाउडस्पीकर आणि रोषणाईचं दुकान. तो दम्याने बसला आणि शिडीवर वहिनी चढली. नऊवारीचा काचा घट्ट मारून ती भर बाजारात वर चढायची, तेव्हा सुरुवातीला लोक माना वर करून बघायचे. तिचा नवरा खाली बसून हसत सांगायचा, "दुकान माझं, शिडी हिची."

एप्रिलमधल्या जयंतीसाठी मी प्लायवूडच्या मोठ्या फळीवर धम्मचक्र काढलं. वहिनीने त्याच्या प्रत्येक आऱ्यावर झिरोचे बल्ब बसवले. आधी महिनाभर दुकानात ते पेटवून बघितले होते, आणि उजेडाप्रमाणे वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवले होते. नवे एकीकडे, काजळलेले दुसरीकडे. तरीही आमच्या वस्तीत फळी लावली, की अर्धं चक्र झळाळायचं आणि अर्धं पिवळं पडायचं. आमची वस्ती गावाच्या टोकाला. वीज तिथे पोचेपर्यंत दमलेली असायची.

मी एक उपाय सुचवला. "वहिनी, जे जास्त चमकतात त्यांच्यावर पातळ रंगाचा हात मारतो. सगळे सारखे दिसतील."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी ब्रश खाली ठेवला. "भाऊजी, उजेड मारूनच सारखं कराचं असंल, तर बटन बंद करा ना. मंग सारे सारखेच."

दुसऱ्या दिवशी ती विजेच्या ऑफिसात गेली. साहेब म्हणाले, "तुमचा खांब शेवटचा आहे, बाई. तिथं एवढंच येणार."

"मंग पहिला खांब कोठी आहे?" तिने विचारलं.

पहिला खांब बसस्टँडच्या चौकात होता. वस्तीतली वडीलधारी मंडळी घाबरली. चौकात आजवर आपलं काही लागलं नाही, उगाच कटकट कायले, असं म्हणू लागली. वहिनीने ग्रामपंचायतीची परवानगी काढली, साहेबांकडून जोडणी मंजूर करून घेतली, आणि जयंतीच्या दिवशी दुपारी आम्ही चौकात बांबूची उंच कमान उभी केली. फळी वर चढली. तिच्या मागे वहिनी चढली.

समोर किराणा दुकान होतं. त्याचे शेठ खाली येऊन उभे राहिले. "तुमचं तुमच्या वस्तीत लावा. हा चौक साऱ्यांचा आहे."

वरून वहिनी म्हणाली, "मंग आमचा बी झाला."

शेठने दोन नोकरांना खूण केली. त्यांनी शिडी उचलली आणि गोदामात नेऊन कुलूप घातलं. गावात तेवढी उंच शिडी दुसरी नव्हती. शेठ म्हणाले, "फळी खाली सोड, मंग शिडी भेटंल."

तिचा नवरा खोकत उठला. वहिनीने खाली वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "राहू द्या शिडी. मले वरतं लय काम आहे. आता मले कोणी खाली वढत नाई."

एप्रिलचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तिने वरून दोरी सोडली, मी पाण्याचा डबा बांधला, तिने ओढून घेतला. बांबूवर मांडी घालून ती तारा जोडत राहिली. जाड तार तिने चक्राला दोन्ही टोकांनी दिली, म्हणजे कुठलाच बल्ब शेवटचा राहणार नव्हता.

दिवेलागणीला तिने नवऱ्याला हाक मारली, "चालू करा." चक्र पेटलं. पण ती फळीच्या मागे, तिला पुढचं दिसेना. "भाऊजी, पाहा बरं, कोणचा कमी आहे?"

मी डोळे बारीक केले आणि सांगू लागलो. ती बल्ब बदलत गेली. तेवढ्यात भुईमुगाच्या शेंगा विकणारी म्हातारी म्हणाली, "डाव्या अंगाचा खालचा पाहा ना." मग एस.टी.ची वाट बघणारे बोलू लागले. "वरचा, वरचा." "तो नाई, त्याच्या बाजूचा." ज्यांनी शिडी नेली, त्यांतला एक नोकरही हात वर करून दाखवत होता. शेठ दुकानात जाऊन बसले.

चक्र पूर्ण झालं. कुठेही डाग नाही, कुठेही पिवळेपणा नाही. आमच्या वस्तीतली माणसं आधी चौकाच्या कडेला उभी होती. ती हळूहळू मधोमध आली.

मानोऱ्याकडे जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने हे सगळं बघितलं होतं. त्याने गाडी मागे घेत घेत नेमकी कमानीखाली आणली. "उतरा वहिनी, टपावर पाय ठेवा. गाडीले टाइम झाला."

"थांब, एक ढिला राह्यला," असं म्हणून तिने तो बल्ब घट्ट पिळला आणि मगच टपावर उतरली. मागच्या लोखंडी शिडीने खाली आली, पदर झटकला आणि नवऱ्याला म्हणाली, "चहा पाजा."

वहिनी आता नाही. दुकानाच्या जागी चपलांचं दुकान आहे. पण तिची आठवण निघाली, की मला जयंतीपेक्षा त्यानंतरचं एक लग्न जास्त आठवतं.

लग्न त्याच शेठच्या मुलीचं. रोषणाईसाठी शेठ स्वतः दुकानात आले. वहिनी म्हणाली, "लावते ना. पोरीनं माहं काय केलं? पण शिडी तुमी धरजा, शेठजी. नोकर नाई चालणार."

त्या संध्याकाळी मी मांडवाच्या दाराशी होतो. शेठ नवा फेटा बांधून दोन्ही हातांनी शिडी धरून उभे. पाहुणे येत होते, नमस्कार करत होते, आणि शेठना हात जोडता येत नव्हते, नुसती मान हलवत होते. वर वहिनी निवांतपणे एकेक बल्ब पारखत होती.

"हलू देऊ नका," ती वरून म्हणाली.

शेठने शिडी हलू दिली नाही.